मातीचा बदाम

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला, की वाशीम-पुसद रस्त्यावरच्या आमच्या अनसिंगसारख्या गावातही दुकानांच्या दारांवर लाल बदाम लटकू लागतात. कागदाचे बदाम, कापूस भरून फुगवलेले बदाम, बदाम छापलेले पेले. आपल्या पिढीने हा आकार पाहिला तो पत्त्यांच्या डावात. उन्हाळ्याच्या सुटीत बदाम सात खेळताना सत्ती आपल्या हातात आली, की डाव आपण सुरू करायचा, एवढाच त्याचा आनंद. १४ फेब्रुवारी या तारखेशी त्याचे काही नाते असेल, हे आपल्या गावीही नव्हते.

त्यामुळे नातवंडांनी ‘व्हॅलेंटाइन’चे नाव काढले, की आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठी पडते. त्या दिवसाच्या बाजाराविषयी मलाही ममत्व नाही. पण प्रेमाचा उच्चार हा आपल्या मुलखाला परका आहे, असे मात्र म्हणवत नाही. आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सुमारे हजार-अकराशे वर्षांपूर्वी राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ हा ग्रंथ लिहिला. त्यात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह झाला तो विदर्भातल्या या वत्सगुल्मात, आणि ते नगर म्हणजे मदनाचे क्रीडास्थान, असे त्याने सांगितले आहे. ज्या जिल्ह्याच्या ठाण्याला असे वर्णन लाभले, तिथल्या आजी-आजोबांनी एका बदामाला बिचकण्याचे कारण नाही.

शिवाय हा दिवस सर्वत्र केवळ तरुण जोडप्यांचा नाही. फिनलंडमध्ये १४ फेब्रुवारी हा मैत्रीचा दिवस मानतात. अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत मुले वर्गातल्या सगळ्याच सोबत्यांना चिठ्ठ्या देतात. आपल्याकडे बरोबर महिनाभर आधी संक्रांत येऊन गेलेली असते. तिळगूळ देऊन गोड बोला म्हणणारे आपण लोक, मुलांच्या या हौसेला आपल्या घरातली जागा सहज देऊ शकतो. ती जागा मातीच्या परातीभोवती असावी, आणि त्या परातीपाशी घरातल्या सर्वांत थकलेल्या, आजाराने थबकलेल्या हातांना बसवावे, हे सांगण्यासाठी आजचा हा लेख.

मातीचे आपले पंचांग

वऱ्हाडातल्या घराला माती नवी नाही. आपले वर्षच मातीच्या वस्तूंनी मोजले जाते. संक्रांतीला सुगडी येतात. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर पुजली जाते. श्रावण अमावास्येला पोळा येतो. ज्यांच्या दावणीला बैल नाहीत, त्यांच्या देवघरात मातीची बैलजोडी येते. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लहान मुलांचा. मग गणपती, मग घटस्थापनेची माती, मग दिवाळीच्या पणत्या.

यांतली भुलाबाई मला या विषयाच्या सर्वांत जवळची वाटते. भाद्रपद पौर्णिमेला मुली भुलाबाई आणि भुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती मांडतात आणि कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी त्यांच्यापुढे गाणी म्हणतात. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर. शेजारी शेजारी बसलेले एक मातीचे जोडपे. त्यांचे रुसवे, त्यांचे सासर-माहेर, त्यांचे बाळ, हे सारे त्या गाण्यांत येते. शेवटी झाकलेला डबा वाजवून आतली खिरापत ओळखायची. आपल्यापैकी किती जणींनी लहानपणी तो डबा कानाशी धरून हलवला असेल! नवरा-बायकोच्या प्रेमाविषयी एरवी चकार शब्द न काढणाऱ्या त्या काळात, अंगणात मातीच्या जोडप्याभोवती बसून आपण त्याच विषयावर महिनाभर गात होतो.

हा वारसा किती जुना असावा, याची कल्पना पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननावरून येते. तिथे तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीत कच्च्या मातीच्या स्त्रीमूर्ती आणि त्यांच्यासोबत मातीचा बैल सापडला. भट्टीत न भाजलेली ती माती कुणीतरी जपून ठेवली होती, म्हणूनच ती आपल्यापर्यंत आली. तेव्हा नातीने मातीचा बदाम करायला घेतला, तर ती काही परके करत नसते.

आमच्या ओसरीवर

आता थोडे घरचे सांगते. माझे यजमान शेतकरी. वयाच्या ७३व्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पाय हळूहळू चालते झाले, परंतु उजवा हात मागे राहिला आणि बोलणे दोन-तीन शब्दांवर आले. डोक्याच्या डाव्या भागाला इजा झाली, की पुष्कळदा उजवी बाजू आणि वाचा दोन्ही जातात, असे डॉक्टरांनी समजावले. त्यांना समोरच्याचे बोलणे कळत होते. उत्तर ओठांपर्यंत येऊन थांबत असे, आणि ते थांबले की ते मान फिरवून रस्त्याकडे बघत.

फिजिओथेरपिस्टने हातासाठी एक मऊ चेंडू आणि दाबायचा रबरी गोळा दिला होता. दिवसातून अनेक वेळा दाबा, असे सांगितले होते. हे दोनदा दाबत आणि गोळा उशाशी ठेवून देत. त्यांचा राग मला समजत असे. ज्या हाताने पन्नास वर्षे तिफणीच्या चाड्यावर मूठ धरली, त्या हाताला आता एक रबर दाबायला सांगितले होते, आणि दाबून त्यातून काहीच निघत नव्हते.

त्यापेक्षाही एक घाव खोल होता. आजारानंतर एका कागदावर त्यांची सही जुळेना. तिथे अंगठा घ्यावा लागला. मॅट्रिक झालेला, गावातल्या कितीतरी जणांचे अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहून देणारा हा माणूस. निळ्या शाईने भरलेला अंगठा घरी आल्यावर त्यांनी डाव्या हाताने बराच वेळ चोळून धुतला. मी साबण धरून उभी होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

अशा घरात फेब्रुवारीच्या सुरुवातीला दहा वर्षांची नात मोबाइलवर पाहिलेले मातीचे बदाम करायचे म्हणून बसली. तिला वाशीमहून रंगीत मातीचे पाकीट हवे होते. मी म्हटले, माती मागवायला वाशीमला कशाला जायचे? आपले कुंभार या दिवसांत उन्हाळ्याच्या माठ-रांजणांच्या घाईत असतात, चिखल तयारच असतो. गावातल्या कुंभाराने टोपलेभर मळलेली माती दिली. सहा वर्षांच्या नातवाला मात्र ती पुरेना. त्याने मळ्यातली काळी माती आणली, बादलीत ओतली, आणि ओसरीवर आबाजींच्या पायांशी त्याचा चिखल सुरू झाला.

शेतकरी वाचकांना वाफसा म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते. पावसानंतर जमीन पेरणीजोगी झाली का, हे पाहायला शेतकरी मूठभर माती घेतो, दाबून लाडू वळतो आणि उंचीवरून खाली सोडतो. लाडू फुटून मोकळा झाला तर वाफसा आला. तसाच गोळा राहिला तर जमीन अजून ओली. नातवाने चिखलाचा गोळा त्यांच्यापुढे धरला, तेव्हा त्यांनी तो डाव्या हाताने घेतला, उजव्या तळव्यावर ठेवला, डाव्या बोटांनी उजवी बोटे त्याच्यावर मिटवली आणि दाबला. मग गुडघ्यावरून खाली सोडला. तो थपकन चपटा झाला. त्यांनी मान हलवली.

“आबाजी नाही म्हंतात,” नात भावाला म्हणाली. “लय ओली हाये.”

मग कोरडी माती आली, चुलीतली चाळलेली राख आली, पुन्हा मळणे झाले, पुन्हा गोळा आबाजींच्या हाती. पुन्हा मान हलली. असे पाच-सहा वेळा झाले. दर वेळी उजवी मूठ मिटली आणि उघडली, आणि त्यांपैकी एकही वेळ कुणी मोजली नाही. अखेर त्यांनी गोळा खाली न सोडता नातवाच्या हाती परत दिला. म्हणजे माती पास झाली. दोन्ही पोरे ज्या आदराने त्या निकालाची वाट बघत होती, तो आदर त्या ओसरीने दीड वर्षात पाहिला नव्हता. इतके दिवस घरातला प्रत्येक जण त्यांच्यासाठी काही करत होता. त्या सकाळी प्रथमच त्यांच्यावाचून कुणाचे तरी अडले होते.

पुढच्या रविवारी बदाम झाले. नातीने पिंपळाची पाने आणली होती. पानाची उलटी बाजू मातीच्या पोळीवर दाबली, की शिरांचा ठसा उमटतो आणि कडेने कापले, की बदाम तयार. आपल्या लहानपणी बाळांच्या कपाळावर रुळणारे चांदीचे पिंपळपान आठवा, तोच हा घाट. सात बदाम झाले. मग नातवाच्या डोक्यात आले, की प्रत्येकाने आपापल्या बदामाच्या मध्ये अंगठा उमटवायचा.

मी यजमानांच्या चेहऱ्याकडे पाहिले. अंगठा हा शब्द आमच्या घरात जपून उच्चारला जात होता. ते काही वेळ परातीकडे बघत राहिले. मग त्यांनी डाव्या हाताने उजवे मनगट उचलले आणि आपला उजवा अंगठा त्या पिंपळपानावर टेकवला. साऱ्या हाताचे ओझे त्या एका अंगठ्यावर आले आणि तो तिरपा, खोल रुतला.

“आबाजी, तुमचा सगळ्यात खोल गेला!” नातू ओरडला. त्याच्या आवाजात शुद्ध हेवा होता.

ते हसले. अर्ध्या चेहऱ्याने हसले, पण हसले.

बदाम वाळले. नातीने आपला आईला दिला. नातवाने एक बाईंना दिला आणि एक गोठ्यातल्या खुंटीला बांधला. १४ तारखेच्या संध्याकाळी मी गोळ्यांचा डबा घेऊन बसले असताना यजमानांनी आपला बदाम डाव्या हाताने माझ्यापुढे सरकवला. ४८ वर्षांच्या संसारात त्यांनी मला जे काही आणून दिले, ते पिशवीतून, न बोलता, बाजूला बघत दिले. हेही तसेच दिले. तो बदाम त्या डब्यातच ठेवला आहे. रोज सकाळी गोळ्या काढताना माझे बोट त्या खळग्यात जाते.

याला आता वर्ष होईल. चमत्कार झाला, असे मी लिहिणार नाही. उजव्या हाताने सदऱ्याची गुंडी अजून लागत नाही; वाचा थोडीच सुधारली. मात्र ताट स्थिर धरायला, फडके पिळायला तो हात आता आपणहून पुढे येतो. रबरी गोळाही ते दाबतात, कारण तो मुलांच्या मातीची तालीम झाला आहे. पोळ्याला त्यांनी मुलांकडून बैल करवून घेतला आणि त्याचे वशिंड तीनदा मोडायला लावले. कामात खोट काढायचा त्यांचा जुना स्वभाव परत आला, याचा मला जेवढा आनंद झाला, तेवढा कुठल्याही तपासणीच्या अहवालाने झाला नसेल.

हाताला काय होते

पक्षाघातानंतर माणूस साहजिकच चांगल्या हाताने सगळे करू लागतो. दुर्बळ हाताने प्रयत्न केला की अपयश येते, म्हणून तो मागे पडतो. मागे पडला की त्याचा वापर आणखी कमी होतो. अशा रीतीने, ज्यात थोडी शक्ती उरलेली असते, तो हातही न वापरण्याची सवय लागते. उलट, पुन्हा पुन्हा वापरल्याने मेंदू शिल्लक भागांतून नवे मार्ग घडवू शकतो. पहिल्या काही महिन्यांत हा वेग अधिक असतो. नंतरही सुधारणेचे दार पुरते बंद होत नाही. पुनरावृत्ती हा त्यातला गाभा आहे, आणि ज्या कामाला अर्थ आहे, त्याची पुनरावृत्ती माणूस कंटाळ्यावाचून करतो.

इतर आजारांतही मातीचा उपयोग निरनिराळा आहे. संधिवातात बोटे सकाळी आखडलेली असतात. कोमट पाण्यात हात धरून मग मऊ माती हलकेच मळल्यास सांधे सैल होण्यास मदत होते. स्मृतिभ्रंशात कालचे जेवण आठवत नाही, पण हातांनी आयुष्यभर केलेली कामे, म्हणजे कणीक मळणे, लाडू वळणे, वाती वळणे, ही पुष्कळ काळ टिकून राहतात. अशा आजीला “हे काय आहे, ओळखा” असे विचारू नये. तिच्या हाती गोळा द्यावा. हात आपले काम ओळखतात. कंपवातात बारीक नक्षी त्रासदायक ठरते. तिथे मोठा गोळा, मोठा घाट, दोन्ही हातांचे काम द्यावे. आणि ज्यांना कोणताच आजार नाही, त्यांनीही हे करावे, कारण वयाबरोबर मुठीची पकड कमी होत जाते आणि पकड ही एकूण प्रकृतीची एक खूण मानली जाते.

मुलांच्या बाजूने पाहिले, तर चिमटीने तुकडा तोडणे, वळणे, दाबणे यांतून बोटांची जी तयारी होते, तीच पुढे लेखणी धरायला लागते. म्हणजे एकाच परातीत एक हात शिकत असतो आणि एक हात पुन्हा शिकत असतो.

शुश्रूषा करणाऱ्या भगिनी-बंधूंनो, या तासाचा एक भाग तुमचाही आहे. दिवसभर तुम्ही त्यांना भरवता, उठवता, पुसता. इथे तुम्ही फक्त शेजारी बसता. तुमच्याही हाती एक गोळा घ्या.

कसे करावे

माती. सर्वांत चांगले म्हणजे कुंभाराकडची मळलेली माती घ्यावी. घरी करायची असल्यास ध्यानात ठेवावे, की आपली काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. म्हणून नुसती काळी माती घेऊ नये. गाळाची किंवा पोयट्याची माती चाळून रात्रभर भिजत घालावी, सकाळी वरचे पाणी अलगद ओतून द्यावे आणि खालचा गाळ कापडावर पसरून ओल कमी होऊ द्यावी. चार वाट्या मातीला अंदाजे एक वाटी बारीक रेती किंवा चाळलेली राख, आणि मूठभर भिजवून कुस्करलेला कागदाचा लगदा घालावा. पोळीच्या कणकेइतकी मऊ होईपर्यंत मळावी. गोळा बोटाला चिकटत असेल तर ओली आहे, कडेला चिरत असेल तर कोरडी आहे. हे ठरवण्याचा अधिकार घरातल्या ज्येष्ठांकडे द्यावा.

बैठक. आजारी व्यक्तीला पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसवावे, पाय जमिनीला टेकलेले असावेत, परात कमरेच्या थोडी वर येईल अशा टेबलावर असावी. परातीखाली ओले फडके घातले की ती सरकत नाही. दुर्बळ हाताचे कोपर टेबलावर टेकलेले असावे. मुलांना समोर बसवावे, म्हणजे चेहरे दिसतात.

कामाची वाटणी. मळणे, गोळे वळणे, थापणे ही कामे ज्येष्ठांची; कापणे, कोरणे, रंगवणे मुलांचे. गोळा करंगळीएवढ्या जाडीचा थापावा. त्यावर पिंपळाचे पान शिरांच्या बाजूने पालथे ठेवून तळव्याने दाबावे, आगपेटीच्या काडीने कडेने कापावे आणि पान देठाकडून अलगद उचलावे. टांगायचा असेल तर वरच्या बाजूला काडीने भोक पाडावे. वाळल्यावर भोक पाडले तर बदाम फुटतो. कडा ओल्या बोटाने गुळगुळीत कराव्यात. ज्याला जमेल त्याने अंगठा उमटवावा, ज्याला जमेल त्याने मागे नाव कोरावे.

वाळवणे. उन्हात ठेवू नये. सावलीत, कागदावर, तीन-चार दिवस ठेवावे आणि रोज एकदा उलटावे, म्हणजे वाकडे होत नाही. वाळल्यावर गेरू, चुना किंवा मुलांचे पाण्याचे रंग लावावेत. कच्चा बदाम पाण्यात विरघळतो, हे मुलांना आधीच सांगावे. पक्का हवा असेल, तर कुंभाराला विनंती करून त्याच्या भट्टीत ठेवावा. माती पूर्ण वाळलेली हवी, कारण आत ओल राहिली तर भाजताना वाफेने तडकते.

पहिल्या दिवशी वीस मिनिटे पुरेत. दमण्याआधी थांबावे. वस्तू अपुरी राहिली तर राहू द्यावी, ती उद्याचे निमित्त होते.

घ्यायची काळजी

हातावर जखम, चीर किंवा भेग असेल, तर ती भरेपर्यंत मातीत हात घालू नये. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. लस घेतलेली आहे ना, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. गटाराकाठची, उकिरड्याची किंवा औषध फवारलेल्या शेतातली माती घेऊ नये. नखे कापलेली असावीत आणि काम झाल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

मधुमेहाने ज्यांच्या बोटांना बधिरता आली आहे, त्यांना पाण्याचे चटके कळत नाहीत. पाणी किती कोमट आहे, ते दुसऱ्याने पाहावे आणि शेवटी बोटांवर ओरखडा नाही ना, हेही पाहावे. दमा किंवा फुप्फुसाचा विकार असेल, तर माती चाळण्याचे काम त्यांच्यापासून दूर, बाहेर करावे. सांडलेली माती झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. संधिवाताचा सांधा सुजलेला, लाल, गरम असेल, त्या दिवशी विश्रांती घ्यावी. काम झाल्यावर तासा-दोन तासांनीही दुखत राहिले, तर पुढच्या वेळी निम्मेच करावे.

पक्षाघाताचा हात कधीही ओढू नये, खांद्याला इजा होते. कोपराखाली आपला हात धरून आधार द्यावा. ज्यांना वस्तू तोंडात घालण्याची सवय लागली आहे, अशा ज्येष्ठांना आणि तीन वर्षांखालच्या मुलांना मातीऐवजी हळद घातलेला कणकेचा गोळा द्यावा. त्यात मीठ घालू नये. खेळण्याच्या कणकेत पुष्कळ मीठ घालण्याची रीत आहे, ते पोटात गेले तर अपाय होतो. हाताचा साचा काढण्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये हात बुडवण्याची हौस मात्र कुणीही करू नये. ते घट्ट होताना तापते आणि भाजते.

आणि हे सारे औषधोपचाराच्या जोडीने करायचे आहे, त्याच्या जागी नाही. आपल्या फिजिओथेरपिस्टला किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला एकदा विचारा. कोणत्या बोटांना कोणते काम द्यायचे, ते सांगतील.

शेवटी

आजारी माणसाला आपण भेटी देतो: फळे, शाल, देवाचा अंगारा. त्याच्याकडून काही मागत नाही, कारण मागणे आपल्याला क्रूर वाटते. पण घेण्याचेच आयुष्य झाले, की माणूस आतून लहान होत जातो. त्याच्या हातून कुणाला तरी काही मिळेल, अशी एखादी जागा घरात ठेवावी. ती वस्तू ओबडधोबड झाली तर होऊ द्या. नातवंडांना त्यातला खोल अंगठा दिसतो, सफाई दिसत नाही.

या १४ फेब्रुवारीला जमले नाही, तरी बिघडत नाही. पुढे अक्षय तृतीया आहे, पोळा आहे, भुलाबाई आहे. सुरुवात मात्र लहान करा: एक परात, एक गोळा, एक पिंपळाचे पान. आणि उरलेली माती ओल्या फडक्यात गुंडाळून झाकून ठेवा. पुढच्या रविवारी पोरे मागायला येतील.